पाण्यातला होकार

अप्पांनी पहिल्याच भेटीत मला रडायला सांगितलं.

मी त्यांच्या दुकानात फोटो मागायला गेले होते. नांदेडला रेल्वेलाइनीच्या कडेची एक वस्ती जळाली होती, आमच्या संघटनेचं पत्रक दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, आणि त्या आगीचे फोटो जुन्या मोंढ्यातल्या या म्हाताऱ्याकडे आहेत असं कळलं होतं. मी म्हटलं, घर जळालेल्या बाईचा फोटो द्या. रडताना हवा. चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.

"कुणाचा?"

"कुणाचाही चालेल."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला, आणि पासपोर्ट फोटोचं स्टूल पायाने माझ्याकडे ढकललं. "कुणाचाबी चालतंय ना? मग तुमचाच काढतो. बसा. रडा."

मी तडक निघाले. जिना उतरता उतरता मनातल्या मनात त्यांच्यावरच पत्रक लिहून टाकलं: जनतेचं दुःख पेटीत कोंडून ठेवणाऱ्या दुकानदाराचा जाहीर निषेध! ते पत्रक मी कधी छापलं नाही. पण पुढची चार वर्षं ते त्यांना तोंडी वाचून दाखवत राहिले, आणि ते चहा मागवून ऐकत राहिले. आता अप्पा लातूरला लेकीकडे राहतात, दुकानाच्या जागी दुसरंच कुणी मोबाईलची कव्हरं विकतं, आणि मला भांडायला तोलामोलाचं माणूस उरलेलं नाही. म्हणून हे लिहितेय.

अप्पा मूळचे निलंग्याकडचे. नांदेडला येऊन उभी हयात गेली तरी बोलणं तिकडचंच राहिलं. मी चहा पिलो, मी फोटो काढलो, मी त्याला सांगिटलो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. गळ्यात दोन दोऱ्या: एका दोरीत इष्टलिंग, दुसऱ्या दोरीत कॅमेरा. "एकाला रोज धुवायचं, दुसऱ्याला रोज पुसायचं. एवढीच पूजा," म्हणायचे. अंगाने किरकोळ, पण रस्त्याने चालताना ट्रॅफिकनेच बाजूला व्हावं अशा थाटात चालायचे.

दुकानात पासपोर्ट फोटोला आलेल्या प्रत्येकाला आधी माठातलं पाणी प्यावं लागे. घाई असो, तहान नसो, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख असो. "तहानलेलं माणूस फोटोत आरोपी दिसतंय. सरकार तुम्हाला आधीच आरोपी समजून राहिलंय, तुम्ही कामून भर घालता?" एकदा एक पोलीस शिपाईच ओळखपत्राच्या फोटोला आला होता. त्यालाही तांब्या दिला. तो म्हणाला, "मला कशाला पाणी, मी तर पोलीस." अप्पा म्हणाले, "तुम्हाला दोन पेले."

ही झाली दुकानातली तऱ्हा. खरे अप्पा दुकानाबाहेर दिसायचे. पूर, आग, गारपीट, भिंत पडली, बस उलटली, की हा माणूस एस.टी. धरून हजर. कुणी बोलावलेलं नसे, कुठल्या पेपराचं ओळखपत्र नसे. पेपरवाल्या फोटोग्राफरांच्या गर्दीत ते लांबूनही ओळखू यायचे, कारण सगळे उभे आणि हे एकटे बसलेले. जमिनीवर बसलेल्या माणसाचा फोटो ते जमिनीवर बसूनच काढत. चिखल असला तर चिखलात. बसताना गुडघे असे कडाकडा वाजत की समोरचं माणूस स्वतःचं दुःख विसरून "हळू बाबा" म्हणे. मी एकदा म्हटलं, अप्पा, या वयात कशाला? म्हणाले, "वरनं काढलेल्या फोटोत माणूस खड्ड्यात असल्यागत दिसतंय. आधीच खड्ड्यात हाय ते. अजून किती ढकलायचं?"

नाव विचारल्याशिवाय फोटो नाही, हा पहिला नियम. नाव, गाव, आणि ते माणूस काय बोललं ते एका ओळीत, फोटोच्या पाठीवर निळ्या शाईने. दुसरा नियम असा की छापलेली पहिली प्रत ज्याचा फोटो त्याच्या हातात. त्यासाठी ते परत एस.टी. धरून जात. महिन्याने जात, दोन महिन्यांनी जात. त्या माणसाने 'चालेल' म्हटलं तर फोटो बाहेर पडणार, 'नको' म्हटलं तर त्याच्यासमोर पुसून टाकणार. आणि तिसरा नियम सगळ्यांत विचित्र: ज्या दिवशी द्यायचं त्या दिवशी काढायचं नाही. भाकरी, चादर, पाण्याची बाटली, काहीही हातात दिलं की त्या दिवशी कॅमेरा बंद. "ज्या हातानं दिलं त्या हातानं फोटो काढलो तर ते घेणारं माणूस न्हाई म्हणू शकतंय का? दिवस बदलू द्या."

या तिसऱ्या नियमापायी एका पुढाऱ्याची जी फजिती झाली ती मी डोळ्यांनी पाहिली. विष्णुपुरीच्या अलीकडे नदीकाठच्या काही झोपड्यांत पाणी शिरलं होतं. पुढारी धान्याच्या पिशव्या घेऊन आले, अप्पांना फोटोला बोलावलं. अप्पा आले, हे बघून मला धक्काच बसला. मी त्यांना तिथेच सुनावलं, की झालं ना, विकले गेलात ना शेवटी? त्यांनी लेन्स पुसली. दोन तास मन लावून फोटो काढले. तिसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या घरी पाकीट गेलं. प्रत्येक फोटोत पुढाऱ्याचा चेहरा, हसरा, स्पष्ट, केसन् केस दिसतोय. आणि घेणाऱ्यांची? फक्त पाठ. डोक्याची मागची बाजू, पदराचा काठ, पिशवीकडे गेलेला हात. एकाही माणसाचं तोंड नाही. फोनवर आरडाओरड झाली ती मला समोर बसून ऐकू आली.

"अहो, लोकं कुठायत याच्यात?"

"साहेब, तुम्ही 'माझे फोटो काढा' म्हणले होते. तुमचेच काढलो की."

मी त्या दिवशी त्यांची माफी मागितली नाही. पण चहा माझ्या हाताने गाळला.

आता माझी बाजू. ती मांडल्याशिवाय पुढे जाणार नाही, कारण मी आजही ती सोडलेली नाही. फोटो लागतो. न्यायासाठी लागतो. गावातली दहा माणसं टाहो फोडून सांगतात तेव्हा कुणी ढुंकून बघत नाही, आणि एक फोटो मोबाईलवर फिरला की दुपारी साहेबांची गाडी येते. ही व्यवस्था निर्लज्ज आहे, पण आहे. अप्पांच्या दुकानात एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात विचारता न आलेल्या लोकांचे, पत्ता न सापडलेल्यांचे, मरून गेलेल्यांचे फोटो होते. ते बाहेर कधीच येणार नव्हते. मी विचारायची, "अप्पा, तुमच्या नियमापायी किती गावांची दाद लागायची राहिली?"

यावर ते कधीच वाद घालायचे नाहीत. "राहिली," म्हणायचे. "लई राहिली."

हेच मला सहन व्हायचं नाही. माणसाने बचाव करावा, मग त्याला झोडता येतं.

हा नियम कुठून आला ते त्यांनी एकदाच सांगितलं. देगलूरला निघालो होतो, एस.टी. पंक्चर होऊन उभी होती, उन्हात सगळे खाली उतरले होते. अप्पा बाभळीच्या विरळ सावलीत बसले आणि मी काही विचारलेलं नसताना बोलू लागले. लातूरकडच्या भूकंपाच्या वेळी ते तरणे होते, नवा कॅमेरा होता. बाहेरून मोठे फोटोग्राफर आले होते, त्यांना वाट दाखवायला हे गेले. दगडांच्या ढिगापाशी एक बाई तोंडावर हात घेऊन बसली होती.

"मी म्हणलो, बाई, हात जरा बाजूला घ्या. तिनं घेतला. लगेच. मला वाटलं, वा, काय फोटो हाय. काढलो. लई नाव झालं त्या फोटोनं माझं." अप्पा बाभळीचा काटा हातात घेऊन मातीत रेघा ओढत होते. "तिनं हात का घेतला माहीत हाय का? फोटो झाल्यावर म्हणली, झालं का साहेब नाव लिहून? तिला वाटलं मी सरकारी माणूस. मेलेल्यांची यादी करून राहिलोय. तिच्या पोरांची नावं लिहायची म्हणून तिनं तोंड उघडलं, अन् मी तिचं नावसुद्धा विचारलो नव्हतो."

पुढे ती प्रत घेऊन ते कित्येक वर्षं तिला शोधत फिरले. गावं उठून दुसरीकडे वसली होती, घरांना नंबर लागले होते, आणि यांच्याकडे विचारायला नाव नव्हतं. तोंडाचं वर्णन सांगून कुणी सापडतं का? चाक बसलं, कंडक्टरने हाक मारली, आम्ही चढलो. देगलूरपर्यंत मी एकही घोषणा दिली नाही.

तरीही मी जे करायचं ते केलंच. तेच आता सांगते.

मागच्या एका पावसाळ्यात मुखेडच्या पुढच्या एका गावात ओढ्याने पात्र सोडलं. पहाटे निरोप आला. उजाडायच्या सुमारास आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पाण्याचे कॅन आणि भाकरीची गाठोडी घेऊन गावाच्या तोंडाशी होतो. म्हणजे आज द्यायचा दिवस, अप्पांचा कॅमेरा बंद. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती, ओढ्याला अगदी लागून. गावातली खोलगट जागा कुणाच्या वाट्याला येते यावर माझी तीन पत्रकं आहेत, इथे परत लिहीत नाही.

घरांच्या दारांच्या वरच्या चौकटीला पाणी लागलं होतं. शेजारी एक अर्धवट बांधलेलं स्लॅबचं घर, गज वर आलेले. त्या स्लॅबवर एक म्हातारी आणि दोन पोरं. आणि खाली, बुडालेल्या घराच्या भिंतीवर, एक बाई उभी. अंगावर परकर आणि पोलकं. साडी सोडून तिने तिचा दोर केला होता. एक टोक वर गजाला बांधलेलं, दुसरं तिच्या मुठीत. त्याच दोराने तिने तिघांना वर चढवलं होतं आणि आता स्वतः तो धरून उभी होती. आम्हाला बघून ती ओरडली, "ओ क्यामेरेवाले! बघता काय? काढा फोटू! उद्या म्हणतील पाणी आलंच न्हाई!"

अप्पांनी नियम मोडला. एक फोटो काढला. एकच. मग कॅमेरा ट्रॅक्टरवाल्याच्या मांडीवर ठेवला आणि विभूती-लिंगासकट पाण्यात उतरले. तासाभराने बोटही आली, आणि ती बाई, सासू, पोरं सगळी रस्त्यावर होती. दुपारी, अंगावर कुणाचीतरी साडी आल्यावर, अप्पांनी तिच्याजवळ बसून नाव विचारलं आणि लिहून घेतलं. ते नाव मी इथे देत नाही. तिने अप्पांना सांगितलं होतं, मला नाही.

पाणी दोन दिवसांत ओसरलं. त्यावर पुन्हा पाऊस झाला, भिंतींवरच्या चिखलाच्या खुणा धुऊन गेल्या. मग पंचनामा करणारे आले, रस्त्यावरूनच बघून गेले आणि खालच्या ओळीतल्या सगळ्या घरांना लिहिलं: घरात पाणी शिरले, गुडघाभर, अंशतः नुकसान. गुडघाभर! मातीच्या भिंती आतून विरघळल्या होत्या, आज ना उद्या अंगावर येणार होत्या, आणि कागदावर गुडघाभर! आम्ही तहसीलला तक्रार केली. बुधवारी सुनावणी लागली. पुरावा घेऊन या, म्हणाले.

पुरावा एकच होता. दाराची चौकट, तिला लागलेलं पाणी, ताणलेली साडी आणि ती.

"अप्पा, द्या," मी म्हटलं.

"विचारू."

"काय विचारू? ती स्वतः ओरडून म्हणाली काढा म्हणून! तुम्ही ऐकलं, मी ऐकलं, ट्रॅक्टरवाल्याने ऐकलं!"

"पाण्यात म्हणली," अप्पा म्हणाले. "पाण्यात उभ्या माणसाचा होकार धरायचा न्हाई, पत्रकबाई. पाण्यात माणूस कशालाबी हो म्हणतंय. कोरडी झाली असंल, दोन घास पोटात गेले असतील, आता विचारू. मंगळवारी जाऊ."

सुनावणी बुधवारी आणि हे विचारायला मंगळवारी जाणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. प्रत काउंटरवर होती. अप्पा माठ भरायला मागे गेले, मी मोबाईल काढला आणि प्रतीचा फोटो घेतला. सोमवारी संध्याकाळपर्यंत हजार पत्रकं तयार. वर मोठ्या अक्षरांत: 'असहाय माउलीचा आक्रोश! अर्धनग्न अवस्थेत मृत्यूशी झुंज!' खाली तो फोटो. चार पत्रकं कार्यकर्त्यांना दिली, बाकी पिशवीत भरून मंगळवारी एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. माझी खात्री होती की ती हो म्हणणार, आणि मग मी तिथेच पिशवी उघडून दाखवणार, की बघा अप्पा, तुमचा एक दिवस वाचवला.

"पिशवीत काय हाय?" अप्पांनी विचारलं.

"कपडे," मी म्हटलं.

ती अंगणात भांड्यांतला गाळ खरवडत होती. चार-पाच बाया आजूबाजूला, त्याच कामाला. मी जयभीम केला, तिने ओल्या हाताने केला. अप्पा गुडघे वाजवत खाली बसले आणि प्रत तिच्या हातात दिली. तिने हात पदराला पुसून घेतली. बराच वेळ बघितलं.

"पोरगी मुखेडला कॉलेजात जाती," ती म्हणाली. "हे तिच्या मोबाईलमधी येईल का?"

"येईल," अप्पा म्हणाले.

"तिच्या वर्गातल्या पोरांच्या?"

"त्यांच्याबी."

"मग नको."

"बरं," अप्पा म्हणाले आणि फोटो पुसायला कॅमेरा चालू करायला लागले. बरं! एवढंच! वस्तीतल्या सगळ्या घरांचा प्रश्न आणि हा माणूस चहा नको म्हटल्यासारखा 'बरं' म्हणतो! मी बोलणारच होते, पण शेजारीण माझ्या आधी उठली.

"आगं ये, नको काय? समद्या गल्लीचं काम अडलंय तुझ्या परकरापायी!"

"मग तू सोड लुगडं अन् हो उभी," ती म्हणाली. "तुझा काढतील."

बाया हसल्या. शेजारीणही हसली, पण बसली नाही. "माझ्या घराला गुडघाभर लिवलं," ती म्हणाली. "माझी भिंत पडली तर गुडघ्यावर पडंल का गं?" आणि मग कुणीच हसलं नाही.

मी तेव्हा उभी राहिले. काय बोलले ते आठवत नाही. व्यवस्था, पुरावा, संघर्ष, एकजूट, माझे नेहमीचे सगळे शब्द. बोलता बोलता लक्षात आलं की मी पिशवीचा बंद घट्ट धरून उभी आहे आणि अप्पा त्या बंदाकडे बघतायत. माझ्याकडे नाही. बंदाकडे. वाक्य अर्धंच राहिलं. मी खाली बसले आणि एक पत्रक काढून तिच्यापुढे ठेवलं.

ती सातवी शिकलेली. तिने बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "असहाय... माउलीचा... आक्रोश." थांबली. पुढची ओळ मनात वाचली, मोठ्याने नाही. कुणी भांडं खरवडत नव्हतं.

"असहाय कोण?" तिने विचारलं.

मी पत्रक मागे घ्यायला हात पुढे केला, तिने ते सोडलं नाही.

"न्हाई, कोण असहाय? मी? सासू कुणी वर चढवली? पोरं कुणी चढवली? गजाला गाठ कुणी मारली, तू?" आवाज चढलेला नव्हता. "फोटूत मी दोर धरून हाय, अन् खाली तू लिवलीस रडती म्हणून. मी कुठं रडू लागले होते गं? मी तर शिव्या देऊन राहिले होते."

हे खरं होतं. ती बोट आल्यावरही शिव्या देत होती, बोट उशिरा आली म्हणून.

अप्पा मला ओरडतील असं वाटलं होतं. ते एकच वाक्य बोलले, तेही तिला. "माझ्या दुकानातनं गेलं, बाई. चूक माझी." त्यापेक्षा त्यांनी मला बदडलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिने सगळी पिशवी मागून घेतली. आठ दिवसांत त्या घरात कोरडं जळण नव्हतं. तिने तीन दगड मांडले आणि माझ्या पत्रकांवर सगळ्यांना चहा केला. कागद चांगला होता, भडकन पेटत होता. एकेक मूठ आत सारताना शेजारीण म्हणाली, "काही म्हणा, पोरीच्या लिवण्यात आग हाय." मी चहा प्यायले. दुसरं काय करणार?

चहा झाल्यावर तिने पुन्हा प्रत हातात घेतली. घराच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीला आडवी भेग गेली होती. "अप्पा," म्हणाली, "कात्री हाय का?"

पासपोर्ट फोटो कापायची कात्री अप्पांच्या पिशवीत कायम असायची. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. धार जाते म्हणायचे. ती त्यांनी मुकाट्याने तिच्या हातात दिली. तिने स्वतःला कापून काढलं. सावकाश, पोलक्याच्या कडेकडेने, परकराच्या कडेकडेने, बायका डोकं घालून बघत होत्या. चौकट राहिली. चौकटीला लागलेलं पाणी राहिलं. वर गज, गाठ, ताणलेली साडी राहिली. मनगटाशी आल्यावर कात्री थांबली. मनगटावर तिच्या गोंदणाचे तीन ठिपके होते.

"हात राहू दे," ती म्हणाली. "हाताचं काही न्हाई."

कापलेला तुकडा तिने चुलीत टाकला. अप्पांनी कार्डावरचा फोटो तिच्यासमोर पुसला. मी माझ्या मोबाईलमधला पुसला. ती म्हणाली, "त्या कचऱ्याच्या डब्यातनं बी काढ. पोरीनं सांगितलंय मला, तिथं ऱ्हातंय." तिथूनही काढला. त्याच संध्याकाळी छापखान्यात जाऊन डोळ्यांसमोर तिथली प्रत पुसून घेतली. कार्यकर्त्यांना दिलेल्या चार पत्रकांपैकी तीन परत मिळाली. चौथं कुठे आहे, मला आजही माहीत नाही. हे मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "शोधत ऱ्हावा." मी शोधतेय.

बुधवारचा निकाल आधीच सांगून टाकते: पंचनामा पुन्हा झाला. पण त्याचं श्रेय संघटनेच्या अहवालात जसं लिहिलंय तसं आमचं नाही.

सुनावणीच्या खोलीत गर्दी होती. आम्ही पुढे, वस्तीतली माणसं मागे, अप्पा दाराला टेकून. साहेबांसमोर तो कापलेला फोटो ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, मधल्या भोकातून पलीकडचं टेबल दिसत होतं.

"हे काय आहे? अर्धा फोटो? यात माणूस कुठंय?"

मी भाषण तयार करून आणलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"ही काय, इथं हाय."

ती बायांतून वाट काढत पुढे आली. धुतलेली साडी, डोक्यावर पदर. टेबलापाशी येऊन तिने उजवा हात फोटोशेजारी ठेवला, तीन ठिपके वर करून. साहेबांनी एकदा फोटोतल्या हाताकडे बघितलं, एकदा टेबलावरच्या.

"हे दार माझ्या घराचं. ही वरची चौकट. मी भिंतीवर उभी ऱ्हायले तवा पाणी इथवर होतं," तिने फोटोतल्या चौकटीवर बोट ठेवलं. "माणसाच्या डोक्यावरनं. खाली उभी असते तर मी आज सांगाया नसते. आता गुडघा कुणाचा धरला ते सांगा."

असा क्षण माझ्या सगळ्या आंदोलनांत मी पाहिला नव्हता, आणि माझा हात सवयीने मोबाईलकडे गेला. मोबाईल वर येता येता मध्येच थांबला. माझ्या तोंडून निघालं, "ताई, काढू का?"

तिने मान वळवली नाही. "थांब गं," म्हणाली. "बोलून राहिले ना मी."

दारापाशी कुणीतरी खो खो हसलं. शिपाई धावला, "ओ बाबा, बाहेर, बाहेर व्हा!" अप्पांना मी एवढं मोठ्याने हसताना कधी ऐकलं नव्हतं. ते बाहेर गेले तरी खिडकीतून आवाज येतच होता.

मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. साहेबांनी फोटो बाजूला सारला, कोरा कागद पुढे ओढला.

"सांगा," ते तिला म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."